श्रावणातला कूलर

यंदा एप्रिलात आमच्या घरी एसी आला आणि पहिले तीन दिवस मी तो खिडकी उघडी ठेवून चालवला. खिडकी चुकून उघडी राहिली असं नाही. रोज दुपारी जेवण झालं की मी स्वतः उठून, कडी काढून, दोन्ही दारं भिंतीला टेकेपर्यंत उघडत होतो, मग रिमोट दाबून मोठ्या समाधानानं आडवा होत होतो. चौथ्या दिवशी दुकानात फोन करून, खराब यंत्र गळ्यात मारलं म्हणून चांगला तावातावानं बोललो. दुकानाचा माणूस आला. त्यानं एसीकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं, खिडकीबाहेर जठारपेठेच्या रस्त्यावर मऊ पडलेल्या डांबराकडं पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "काका, पुरं अकोला थंडं करून राहिले का?" मग खिडकी लावून घेतली, सहीसाठी कागद पुढं केला आणि जाता जाता आमच्या मंगलाला म्हणाला, "होते काकू असं. ज्याची जिंदगी कूलरमंदी गेली, त्याचा हात खिडकीवर जातेच."

त्याचं खरं होतं. कूलरला पाठीमागून हवा लागते, पाठ कोंडली की तो नुसता दमट वाफ सोडतो, हे वऱ्हाडातल्या पोराला पाढ्यांच्या आधी कळतं. आमच्या घरी कूलर आला तेव्हा मी आठवीत होतो. तो काही कंपनीचा नव्हता; पत्र्याच्या पेट्या करणाऱ्या एका कारागिरानं मापं घेऊन बनवलेला, हिरव्या रंगाचा, आमच्या कपाटापेक्षा रुंद. खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर त्याला बसवला आणि तिन्ही बाजूंच्या जाळ्यांत गवत भरलं. पहिल्या दिवशी ते गवत भिजलं तेव्हा घरात गोठ्यासारखा वास सुटला आणि आम्ही सगळे त्या वासापुढं ओळीनं बसलो. पाणी भरणं माझ्याकडं. नळ येईल तेव्हा येईल, म्हणून कूलरला हातपंपाचं खारं पाणी. रोज संध्याकाळी पंधरा-सोळा बादल्या. त्या पाण्यानं महिनाभरात गवतावर मिठाचा पांढरा थर चढायचा आणि पत्रा खालून झिजायचा. आईचं माहेर अमरावतीचं. ती तो थर उलथन्यानं खरवडताना म्हणायची, "अकोल्याचं पाणी लोखंड खाते, तिथं माणसाचं काय घेऊन बसले? आमच्या अमरावतीचं पाणी पाह्य, गोड कसं." मी दोन्हीकडचं पाणी पुष्कळ प्यालो आहे. अमरावतीचं गोड आहे खरं. पण आई सांगायची तेवढं नाही.

कूलर येण्याआधी आम्ही उन्हाळाभर गच्चीवर झोपायचो. सगळी आळीच गच्चीवर असायची. या गच्चीवरून त्या गच्चीवर गप्पा चालत, कोणाकडं काय शिजलं ते कळे, आणि बाबा उशाशी रेडिओ घेऊन बातम्या ऐकत. नुसत्या ऐकत नसत, लिहून काढत. बाबा एका सरकारी कचेरीत शॉर्टहँड घेणारे. साहेबांनी बोलायचं आणि बाबांच्या पेन्सिलीनं धावायचं, ही त्यांची नोकरी. बोटांची सवय जाऊ नये म्हणून रोज रात्री रेडिओवरच्या बाईच्या वेगानं ते बातम्या उतरवत. ती बाई थांबली की बाबांची पेन्सिलही थांबे. मधे श्वासाचंही अंतर नसे. आम्हा पोरांना वाटायचं, ती बाई बाबांचंच वाचते आहे.

कूलरनं आम्हाला गच्चीवरून खाली आणलं. एका खोलीत, एका ओळीत, डोकी भिंतीकडं, पाय कूलरकडं. आणि त्याच्या आवाजानं आमचं बोलणं बदललं. पंख्याची घरघर, पाण्याच्या मोटरची कुरकुर, वर पत्र्याचा थरथराट. या तिघांच्या वरून बोलायचं म्हणजे ओरडावं लागे. मीठ मागायचं तर ओरडून, पोटात दुखतं हे सांगायचं तर ओरडून. लाजेच्या गोष्टी तेवढ्या राहून जात, कारण लाजत कोणाला ओरडता येत नाही. रेडिओ बंद पडला. बाबा म्हणाले, "या कालव्यात काय ऐकू येते बातम्या?" आम्हालाही पटलं. शेजारचे बाबाराव काका निवृत्त माणूस, त्यांना प्रत्येक यंत्राबद्दल मत होतं. ते रोज कुंपणाशी उभे राहून सांगत, "टी.व्ही.नं डोये जाते, कूलरनं हाडं धरते, अन् मिक्सरनं बायको हातची जाते." त्यांच्या घरी तिन्ही होतं. पुढं ते वारले ते पडून, आणि पडले ते सायकलवरून; सायकलीबद्दल त्यांचं मत नेहमी चांगलं होतं.

मग पाऊस आला, उन्हाळा संपला, आळीतल्या कूलरांवर गोणपाटं चढली. आमचा चालूच राहिला. आषाढात आई म्हणाली, आता पुरे. बाबा म्हणाले, उकडते. श्रावण लागला तरी तेच. घरात मीठ पाणी झालं, पापड नरम पडले, काडेपेटीतल्या सात काड्या वाया जाव्या तेव्हा आठवी पेटे. माझ्या वह्यांची पानं फुगून वह्या उश्यांसारख्या झाल्या. पाण्याची मोटर बाबांनी खळखळ न करता बंद केली. पंख्याला मात्र हात लावू देईनात. कचेरीतून आले की चप्पल काढायच्या आधी बटण. आणि आईचं सुरू होई, तेही कूलरवरून ऐकू जाईल अशा पट्टीत: "बंद करा बाप्पा तो भोंगा! दुनिया गोधड्या काढून राहिली अन् आमच्या घरी मे महिना!" बाबाराव काका कुंपणापलीकडून म्हणत, "वहिनी, येत्या पुनवेले त्या कूलरले राखी बांधा. घरचाच झाला तो." आई हसे. बाबाही, जरा वेळानं, हसत.

याच दिवसांत मामाचं पत्र आलं. अमरावतीच्या मोठ्या कचेरीत शॉर्टहँडची एक जागा रिकामी होणार होती, तिथले हेडक्लार्क गावंडे साहेब मामाच्या ओळखीचे निघाले होते आणि मामानं परस्पर बाबांचं नाव त्यांच्या कानावर घातलं होतं. येत्या रविवारी गावंडे साहेब कोण्या नातेवाइकाकडं अकोल्याला येणार, तर जाता जाता चहाला आपल्याकडं टेकतील, माणूस पाहतील, आवडला तर शब्द टाकतील. मला तर त्याच क्षणी अमरावती दिसायला लागली: आजोळ, मामेभाऊ, गाडीवरचा गरम गिला वडा, आणि सर्वांत मुख्य म्हणजे हातपंपापासून सुटका. वाटलं, आई पत्र घेऊन नाचेल. तिनं ते घडी करून देवाच्या फोटोमागं ठेवलं आणि बाबांना म्हणाली, "नाई म्हणून कळवून द्या." बाबा म्हणाले, "आता कसं नाई म्हणू? निघाले असतील ते." मला ते मोठ्या माणसांचं आढेवेढे घेणं वाटलं. पाहुण्यांकडं नाही का, तिसऱ्यांदा म्हटल्यावर ताटात वाढून घेतात, तसं.

रविवारी सकाळपासून आई सांभारवड्या करत होती. कोथिंबिरीला आमच्याकडं सांभार म्हणतात. त्या जुडीचं सारण भरून मैद्याच्या पारीत तळायचं. घरभर खोबऱ्याचा, खसखशीचा, तळणाचा वास, आणि या सगळ्यावर ओल्या गवताचा कुबट वास, कारण पंखा चालूच. आई झारा हातात घेऊन दारात आली आणि ओरडली, "आज तरी बंद करा! काय म्हणतील ते, श्रावणात कूलर लावणारे लोक!" बाबांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आतापर्यंतच्या आयुष्यात माझ्या डोक्यात जेव्हा जेव्हा प्रकाश पडला, तेव्हा तेव्हा घरात कुठं तरी अंधार झाला आहे. मे महिन्यात मेकॅनिक आला होता तेव्हा मी पाहून ठेवलं होतं: पंख्याचा कंडेन्सर म्हणून बोटाएवढी एक नळकांडी असते, ती काढली की पंखा जागचा हलत नाही. बाबा पान आणायला कोपऱ्यावर गेले, आई शेवटचा घाणा काढत होती. मी बटण बंद केलं, पिन उपसली, खिडकीतून हात घालून दोन वायरी सोडवल्या, कंडेन्सर तुरीच्या डाळीच्या डब्यात खोल पुरला आणि पिन होती तशी लावून ठेवली. इज्जत वाचवली, असं मला वाटत होतं. आईची, बाबांची, आणि अमरावतीची.

बाबा आणि गावंडे साहेब दोघं फाटकातच भेटले आणि बरोबर आत आले. साहेब गोल चेहऱ्याचे, हळू बोलणारे, पायांतले बूट दाराशी नीट जोडून ठेवणारे. बाबांनी त्यांना खुर्ची दिली आणि सरळ बटणाकडं गेले. एकदा दाबलं, दोनदा दाबलं, तिसऱ्यांदा. पंखा तसाच. त्यांच्या पाठीमागून साहेब म्हणाले, "राहू द्या हो. चांगली गार हवा आहे. पावसाळ्यात काहून लावता?" बाबा वळले नाहीत. त्यांनी चौथ्यांदा बटण दाबलं. साहेब पुन्हा म्हणाले, "अहो, राहू द्या." बाबांनी पंख्यापुढं हात धरून पाहिला, मग वळले, हसले आणि म्हणाले, "साहेब, कूलर बिघडला वाटते!"

ते वाक्य मला अजून ऐकू येतं. कारण ते त्यांनी ओरडून म्हटलं. तीन महिने आम्ही ज्या आवाजात बोलत होतो त्याच आवाजात. पण खोलीत आता दुसरा कसलाच आवाज नव्हता. बाहेर चिमण्या होत्या, स्वयंपाकघरात कढईतलं तेल गार होत होतं. साहेब खुर्चीत जरा मागं सरले. आई दारात ताट घेऊन आली होती, ती तिथंच थांबली. तिनं आधी बंद पंख्याकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. मी हसलो होतो. त्या हसण्यासाठी मला आजही माझा गाल ओरबाडावा वाटतो.

साहेब सज्जन होते. त्यांनी वडी खाल्ली, चांगली झाली म्हणाले. मामाचं कुशल सांगितलं. ते बशीत पाहत बोलले तेव्हा बाबा नुसते हसत राहिले. मान वर करून बोलले तेव्हा बाबांनी अर्ध्या गोष्टींना बरोबर उत्तर दिलं. मग साहेबांनी खिशातून एक टाइप केलेला कागद काढला आणि म्हणाले, "काही परीक्षा नाही घेत मी, हां. आमच्या साहेबांले दाखवाले दोन ओळी असल्या तर बरं पडते. घ्या." बाबांनी वही घेतली, पेन्सिलीचं टोक पाहिलं, मांडीवर वही टेकवली. साहेब चष्मा लावून कागदात पाहत वाचू लागले. कागद त्यांच्या तोंडापुढं होता.

पेन्सिल हलली नाही. वहीच्या पानावर, वरच्या ओळीच्या सुरुवातीला, ती टेकलेली होती आणि बाबांचे डोळे त्या कागदावर होते. कागदापलीकडं असलेल्या ओठांवर. कागद जरा खाली आला असता तर. मी मनात म्हणत होतो, खाली घ्या, कागद खाली घ्या, आणि तोंडानं काहीच म्हणत नव्हतो. ज्या माणसाची पेन्सिल रेडिओवरच्या बाईबरोबर श्वास घेत होती तो माणूस कोऱ्या पानापुढं बसला होता. साहेबांनी तीन-चार वाक्यं वाचली असतील. मग त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, कागद हळूच खाली घेतला, घडी केली आणि खिशात घातला. पुढं झुकून, चेहरा बाबांच्या समोर आणून, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "चहा. छान. झाला." बाबा ओरडून म्हणाले, "हो साहेब! दूध घरचं नाही, पण चांगलं येते!"

ते गेल्यावर आईनं डाळीचा डबा काढला. रात्रीच्या वरणासाठी वाटीभर डाळ घ्यायला गेली आणि तिच्या हातात नळकांडी आली. ती घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली.

"हे काय होय?"

"कंडेन्सर."

"तुले कोणं सांगितलं होतं?"

"तूच त रोज म्हणत होती, बंद करा, बंद करा."

"मी म्हणत होती," आई म्हणाली. "तू काहून ऐकलं?"

मला पुष्कळ वर्षं वाटायचं की हा काही प्रश्न नव्हे. आता कळतं की तोच प्रश्न होता. आईला होळीच्याही आधीपासून माहीत होतं. तिनंच बाबांना पाठीमागून हाक मारून पाहिली होती, एकदा, दोनदा, आणि मग त्यांच्या समोर येऊन बोलायची सवय लावून घेतली होती. कूलर आला आणि दोघांना आडोसा मिळाला. सगळं घर ओरडत असलं की एक माणूस ओरडतो हे दिसत नाही; कोणालाच नीट ऐकू येत नसलं की एकाला येत नाही हे कळत नाही. ती कूलरवरून मोठमोठ्यानं भांडायची ते बाबाराव काकांना ऐकू जावं म्हणून. आळीनं म्हणावं, यांच्या घरी कूलरवरून भांडण आहे. एवढंच म्हणावं. कचेरीत बाबा साहेबांच्या ओठांवरून लिहून घेत. तेही चाललं होतं. पण उन्हाळ्यात नवा साहेब आला, आणि तो गालात खर्रा धरून डिक्टेशन देई. सुपारी-तंबाखूचा तोबरा भरलेल्या तोंडातून निघणारे शब्द ऐकणाऱ्यालाही कळत नसत. पाहणाऱ्याला काय कळणार?

संध्याकाळी बाबांनी कूलरची मागची जाळी काढली, सुट्या वायरींकडं बराच वेळ पाहिलं, जाळी परत लावली आणि वर गोणपाट टाकलं. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर मी हे प्रकरण लिहिलं नसतं.

आठवडाभरात मामाकडून निरोप आला की जागा दुसऱ्याला गेली. गावंडे साहेब कोणाजवळ काही बोलले नसावेत, पण आता बाबांनाच लपवणं होईना. त्यांनी आपणहून अर्ज दिला आणि शॉर्टहँडच्या खुर्चीवरून उठून टायपिंगला बसले. समोर लिहिलेला कागद ठेवायचा आणि त्याची नक्कल करायची. तिथं कानाचं काम नव्हतं. पगार थोडा उतरला, बढती गेली, अमरावती गेली. आई त्यानंतर तिथल्या पाण्याबद्दल बोलायची बंद झाली. कधी माहेरी जाऊन आली तरी नाही. मला तिचं ते खरवडतानाचं बोलणं हवं होतं. पुढच्या उन्हाळ्यांत कूलरही होता, थरही होता.

पुढं मामानं नागपूरहून कानाचं यंत्र आणून दिलं. तेव्हाचं यंत्र म्हणजे खिशात काडेपेटीएवढा डबा आणि शर्टावरून कानापर्यंत गेलेली वायर. बाबांनी ते दोन दिवस लावलं. म्हणाले, "भांडे ऐकू येते, चपला ऐकू येते, सायकलच्या घंट्या ऐकू येते. माणसं नाही ऐकू येत." खरं कारण ती वायर होती. रस्त्यातून जाताना पोरं मागं लागत. आज माझी मुलगी घरात दोन्ही कानांत काही ना काही खोचून फिरते, तिला चार हाका माराव्या लागतात, आणि तिला त्याची लाज तर नाहीच, उलट त्याचा रंग कपड्यांना जुळतो की नाही हे ती पाहते. बाजारातून परवा येताना मोजत होतो. निम्मी माणसं कानात काही तरी घालून एकटीच बोलत चालली होती. बाबा चाळीस वर्षं उशिरा बहिरे व्हायला हवे होते. कोणाला कळलं नसतं.

यंत्रांबद्दल मला लोक मत विचारतात, मी वयानं आणि पोटानं तसा दिसतो म्हणून. मोबाइलनं पिढी बिघडली का, टी.व्ही.नं घरं तोडली का. माझं काही मत नाही. एक पत्र्याची पेटी होती, तिनं माझ्या बापाला एक उन्हाळा आणि अर्धा पावसाळा सांभाळला, आणि मी तिचं काळीज काढून डाळीत पुरलं. यात यंत्राची काय चूक, हे मला अजून सापडलेलं नाही.

कंडेन्सरची ही गोष्ट आईनं कोणाला सांगितली नाही आणि मीही नाही. आता आई-बाबा दोघंही गेले. गेल्या रविवारी दुपारी, खिडकी लावून, मी पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडलो होतो आणि पाठीमागं मंगला मेथी निवडत बसली होती. का कोण जाणे, मी तिला सगळं सांगून टाकलं. सांभारवड्यांपासून कोऱ्या पानापर्यंत. सांगून झाल्यावर वाट पाहिली. ती काही बोलेना. मला वाटलं, रडत असेल. तिच्या माहेरची, मूर्तिजापूरची, माणसं लवकर रडतात. मग ती उठली, पलंगाला वळसा घालून माझ्यासमोर आली, स्टूल ओढून बसली, मी तिच्याकडं पाहीपर्यंत थांबली आणि म्हणाली, "झालं सांगून? आता जरा हळू बोला, बाजूच्या घरचे खिडकीत येऊन उभे राहिले. अन् चहा मांडू का, हे मी तुम्हाले चौथ्यांदा विचारून राहिली."